जुन्या सोलारिस वर्कस्टेशनला लेझर प्रिंटर: काही महिने वापरल्यानंतर

सन कंपनीचं स्पार्कस्टेशन ५, म्हणजे १९९४ चं मॉडेल. त्यावर सोलारिस २.६, सनची युनिक्स प्रणाली. आणि जवळपास त्याच काळातला, पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा समजणारा, नेटवर्क कार्ड असलेला लेझर प्रिंटर. ही जोडी बरेच महिने रोज वापरतोय. आधी निकाल सांगून टाकतो: छपाई सुरू करणं अवघड नाही, युनिक्सची थोडी सवय असलेल्या कुणालाही एका बैठकीत जमेल. अवघड आहे ते कागद बाहेर आला नाही तर काम नेमकं कुठे अडलंय हे शोधणं. पॅरलल (एकाच वेळी अनेक बिट नेणारी केबल), सीरियल (एकेक बिट नेणारी), नेटवर्क की मध्ये एखादं लिनक्स मशीन, यातलं काय निवडायचं ते मी आता वेगावरून ठरवत नाही, याच एका गोष्टीवरून ठरवतो.

पॅरललपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथूनच करतात. मशीनच्या पाठीमागे पंचवीस पिनांची दोन सॉकेट आहेत, एक सीरियल, एक पॅरलल, आणि दोन्ही फीमेल, म्हणजे छिद्रांची. पीसीवर सीरियल पोर्ट मेल, म्हणजे पिनांचा असायचा, त्यामुळे प्रिंटरची केबल भलत्या जागी बसायचीच नाही. इथे ती आरामात बसते. सीरियलवर आरएस-२३२ या मानकाचे अधिक-उणे व्होल्टेज असतात, ते प्रिंटरच्या पाच व्होल्टच्या सर्किटला मानवणारे नाहीत. तेव्हा सॉकेटशेजारचं चिन्ह टॉर्च मारून बघा आणि मगच केबल लावा. केबल मात्र साधी, पीसीला लागायची तीच: एका टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला छत्तीस पिनांचा रुंद सेंट्रॉनिक्स कनेक्टर. सोलारिसमध्ये हा पोर्ट ‘बीपीपी०’ नावाने दिसतो. नंतरच्या काही अल्ट्रा मशीनवर त्याच कामाचा पोर्ट ‘ईसीपीपी०’ होतो, आणि एका मशीनच्या नोट्स वाचून दुसऱ्यावर काम करणारे इथे हमखास अडकतात.

क्यू, म्हणजे छपाईच्या कामांची (जॉबची) रांग, उभी करायला ‘एलपीॲडमिन’ ही कमांड. क्यूचं नाव, डिव्हाइस, प्रिंटरचा प्रकार आणि तो कुठल्या प्रकारचा मजकूर घेतो, एवढं दिलं की क्यू तयार. पण तयार म्हणजे चालू नव्हे. सिस्टिम फाइव्ह या युनिक्स शाखेच्या, म्हणजे सोलारिसच्याही, छपाईत दोन वेगळ्या परवानग्या लागतात. ‘ॲक्सेप्ट’ दिल्यावर क्यू नवे जॉब आत घेऊ लागते आणि ‘एनेबल’ दिल्यावर घेतलेले जॉब प्रिंटरकडे सोडू लागते. सुरुवातीला हा सरकारी कारभार वाटतो. वापरात मात्र फार सोयीचा आहे. टोनर बदलायचा असेल तर फक्त ‘डिसेबल’ करा, लोक प्रिंट मारत राहतात, जॉब साठत राहतात. प्रिंटर कायमचा काढायचा असेल तर ‘रिजेक्ट’ करा, नवीन काही आत येत नाही आणि आतले जॉब निघून जातात. शिवाय ‘एलपीस्टॅट -टी’ मारलं की दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, त्यामुळे अडचण आत घेण्यात आहे की बाहेर सोडण्यात, हे लगेच कळतं.

त्याच आउटपुटमधली एक ओळ ओळखून ठेवा: ‘वेटिंग फॉर ऑटो-रीट्राय’. याचा अर्थ सिस्टिमला प्रिंटर सापडला नाही किंवा त्याने काम घेतलं नाही, आणि ती थोड्या वेळाने आपणहून पुन्हा बघणार आहे. अशा वेळी वैतागून तोच जॉब पुन्हा पुन्हा पाठवू नका. केबल नीट बसली की सगळ्या प्रती एकामागोमाग बाहेर येतात.

बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेतल्या ‘एलपीआर’ या छपाईच्या कमांडची सवय असलेल्यांसाठी आणखी एक फरक. एलपीआर फाइलची प्रत स्पूलमध्ये, म्हणजे रांगेतल्या जॉबच्या साठ्यात, काढून घेतं. सोलारिसचं ‘एलपी’ तसं करत नाही, ‘-सी’ दिल्याशिवाय ते मूळ फाइलच वापरतं. म्हणजे प्रिंट मारून लगेच फाइल पुसली किंवा बदलली, आणि जॉब अजून रांगेतच असला, तर छापलं जाईल ते बदललेलं, नाहीतर काहीच नाही. स्क्रिप्टमधून तात्पुरत्या फाइली छापणाऱ्यांनी ‘-सी’ लावायची सवयच करून घ्यावी.

महिनाभर पॅरलल वापरल्यावर मी नेटवर्कवर आलो. पॅरललबद्दल तक्रार काहीच नव्हती, पण प्रिंटर मशीनला चिकटून ठेवावा लागतो आणि तो गरम होणारा, पंख्याचा आवाज करणारा प्राणी आहे. सोलारिस २.६ ची मोठी सोय ही की नेटवर्क प्रिंटरसाठी ‘नेटस्टँडर्ड’ नावाची, प्रिंटरशी बोलणारी इंटरफेस स्क्रिप्ट त्यात आधीपासूनच असते. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर प्रिंटर बनवणाऱ्यांची वेगळी सॉफ्टवेअरं शोधत बसावं लागतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा २.६ वर या असं मी सांगेन. इथे डिव्हाइसच्या जागी चक्क ‘डेव्ह-नल’ हे आलेलं सगळं गिळणारं रिकामं डिव्हाइस द्यायचं, आणि खरा पत्ता ‘डेस्ट’ या पर्यायात.

पुढचा प्रश्न प्रोटोकॉलचा: ‘बीएसडी’ की ‘टीसीपी’. बीएसडी म्हणजे जुना एलपीडी, नेटवर्कवरून छपाईचे जॉब पाठवायचा प्रोटोकॉल, पोर्ट ५१५. त्याचं वर्णन १९९० च्या आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, आणि त्यातसुद्धा नवं काही ठरवलेलं नाही, आधीपासून चालत आलेलं लिहून काढलंय. टीसीपी म्हणजे सरळ ९१०० पोर्ट उघडायचा आणि बाइट ओतायचे. एलपीडीत पत्त्यापुढे क्यूचं नाव द्यावं लागतं, आणि हे नाव प्रिंटरच्या नेटवर्क कार्डाला माहीत असलेलंच हवं. उदाहरणार्थ, एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डांत ‘रॉ’ आणि ‘टेक्स्ट’ अशा क्यू असतात. ‘रॉ’ आलेलं जसंच्या तसं पुढे सोडते. ‘टेक्स्ट’ प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला परत जायची खूण, घालते. युनिक्सच्या साध्या मजकुरात ओळीच्या शेवटी फक्त लाइनफीड, म्हणजे एक ओळ खाली जायची खूण, असतो, त्यामुळे तो तसाच गेला की प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथून खाली सुरू होते आणि पानभर जिना तयार होतो. जिना दिसला की समजायचं, केबल ठीक, नेटवर्क ठीक, फक्त क्यू चुकली.

आता मूळ मुद्दा. एलपीडीत पाठवणारं मशीन आधी सांगतं की इतक्या बाइटची फाइल येतेय, मग फाइल पाठवतं, आणि समोरून उत्तर म्हणून शून्य किमतीचा एक बाइट येतो. तो आला की सोलारिसच्या लेखी जॉब संपला, क्यू रिकामी. पण त्या बाइटचा अर्थ ‘मिळालं’ एवढाच. ‘छापलं’ असा नाही. ऑफिसच्या शिपायाने सही करून पाकीट घेतलं, साहेबांनी ते उघडलं की नाही ही वेगळी गोष्ट. प्रिंटरमध्ये कागद संपला, पोस्टस्क्रिप्टमध्ये चूक निघाली, मेमरी पुरली नाही, यातलं काहीही एलपीडीतून परत येत नाही. त्यामुळे क्यू रिकामी आणि ट्रेही रिकामा असं दिसलं की सोलारिसमध्ये शोधत बसू नका, उठा आणि प्रिंटरचा डिस्प्ले वाचा.

यासाठी माझी रोजची चाचणी सांगतो. टेलनेट, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या पोर्टला हाताने जोडून देणारी कमांड, तिने प्रिंटरचा ९१०० पोर्ट उघडायचा. पहिल्या ओळीत टक्का आणि उद्गारचिन्ह, दुसऱ्या ओळीत ‘शोपेज’, की कनेक्शन बंद. एक कोरा कागद बाहेर पडला पाहिजे. हा बहुधा सगळ्यात छोटा उपयोगी पोस्टस्क्रिप्ट प्रोग्रॅम असेल. कागद आला तर नेटवर्क, कार्ड, पोस्टस्क्रिप्ट आणि रोलर चारही ठीक आहेत, आणि दोष स्पूलमध्ये किंवा तुमच्या फाइलमध्ये आहे. नाही आला तर ‘एलपीॲडमिन’ला हात लावण्यात अर्थ नाही.

टेलनेटच जोडलं जात नसेल तर प्रिंटरला शिव्या घालण्याआधी दोन गोष्टी बघा. या वयाच्या मशीनचं ईथरनेट १० मेगाबिटचं असतं, आणि काही नवे वेगवान स्विच इतक्या खाली उतरतच नाहीत. मध्ये एखादा जुना १०/१०० स्विच टाकला की काम होतं. दुसरं, मशीनची सेटिंग जपणाऱ्या एनव्हीरॅम चिपची बॅटरी चिपच्या पोटातच असते. ती संपली की घड्याळ तर जातंच, पण ईथरनेटचा पत्ताही ‘एफएफ’ ने भरून जातो, आणि मग काहीच पोचत नाही. मशीन चालू होताना पहिल्या स्क्रीनवर तो पत्ता दिसतो, तेवढा वाचायची सवय ठेवा.

फाइलमधल्या भानगडींना जास्त वेळ जातो. पोस्टस्क्रिप्ट फाइल टक्का-उद्गारचिन्हाने सुरू व्हायला हवी. विंडोजच्या काही ड्रायव्हरांनी बनवलेल्या फाइलींत त्याआधी कंट्रोल-डी हे एक नियंत्रण-अक्षर असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पहिली दोन अक्षरं बघून निर्णय घेणारा फिल्टर (छापण्याआधी फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम) फसतो आणि फाइलला साधा मजकूर समजतो. मग चित्राऐवजी पोस्टस्क्रिप्टचा कोडच पानामागून पान छापला जातो. अशा फाइलीतून ‘टीआर’ या अक्षरं बदलणाऱ्या कमांडने कंट्रोल-डी काढून टाकायचा, की झालं. दुसरी भानगड कागदाची. त्या काळातली बरीच सॉफ्टवेअरं अमेरिकन लेटर आकार गृहीत धरतात. लेटर ६१२ बाय ७९२ पॉइंट, ए४ ५९५ बाय ८४२. फाइल लेटर मागते, ट्रेमध्ये ए४ असतो, प्रिंटर ‘लेटर भरा’ असं दाखवून गप्प बसतो, आणि इकडे क्यू कधीच रिकामी झालेली असते. माझ्या प्रिंटरच्या मेनूमध्ये ए४ आणि लेटर एकच माना असा पर्याय होता, तो चालू केल्यापासून हा त्रास संपला.

मराठी छपाईबद्दल फार आशा ठेवू नका. प्रिंटरमधल्या ठरावीक फॉन्टांत देवनागरी नसते. यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि जुना फिल्टर प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजतो, त्यामुळे ‘क’ च्या जागी तीन परदेशी चिन्हं उमटतात. यावर उपाय एकच: मजकूर नव्या मशीनवर मांडायचा, फॉन्टसकट पोस्टस्क्रिप्ट बनवायचं आणि ती फाइल इकडून पाठवायची. जोडाक्षरं व्यवस्थित येतात. फाइल मोठी होते, पण होऊ दे.

सीरियलही लावून बघितलं, आणि ते अनपेक्षितपणे आवडलं. वेग विचारू नका. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. मजकुराचं तीन-चार केबीचं पान काही सेकंदांत पोचतं, पण ए४ आकाराचं, ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) काळं-पांढरं चित्र सुमारे १० लाख ८७ हजार बाइटचं असतं, म्हणजे जवळपास १९ मिनिटं. हेक्समध्ये (एका बाइटला दोन अक्षरं) असेल तर दुप्पट. पण सीरियलवर प्रिंटर परत बोलतो. कंट्रोल-टी पाठवला की आपली स्थिती सांगतो, पोस्टस्क्रिप्टमध्ये चूक असेल तर कुठल्या कमांडवर अडखळला तेही सांगतो. एलपीडीने जे कधीच सांगितलं नाही ते ही धीमी केबल सांगते. मी हाताने लिहिलेलं पोस्टस्क्रिप्ट अजूनही तिच्यावरच तपासतो.

उरला मधल्या लिनक्सचा मार्ग. प्रिंटर नवा असेल आणि त्याला पोस्टस्क्रिप्ट कळत नसेल तर दुसरा इलाज नाही. सोलारिस एलपीडीने लिनक्सकडे पाठवतं, तिथे कप्स या छपाई यंत्रणेचं ‘कप्स-एलपीडी’ जॉब घेतं, घोस्टस्क्रिप्ट हा पोस्टस्क्रिप्ट वाचणारा प्रोग्रॅम त्याचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करतो. हा एलपीडीचा भाग आपोआप चालू नसतो, मुद्दाम चालू करावा लागतो. रंगीत इंकजेटसाठी काही आठवडे हे वापरलं. चाललं. कप्सचा लॉग डीबग पातळीवर ठेवला तर प्रत्येक फिल्टरने काय केलं ते दिसतं, तेवढी माहिती बाकी कुठल्याच मार्गात मिळत नाही. पण अडायच्या जागाही वाढतात, आणि मधलं मशीन अपडेट होत राहतं. सोलारिस २.६ आता बदलणार नाही. कप्स मात्र पीपीडीवाले (प्रिंटरच्या क्षमतांचं वर्णन असलेल्या फाइलींवर चालणारे) ड्रायव्हर काढून टाकण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे आज जमलेली मांडणी पुन्हा करावी लागण्याची तयारी ठेवा. आणि एलपीडीत ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन, तेव्हा हे सगळं घरच्या वेगळ्या नेटवर्कवरच ठेवा, बाहेरच्या जगाला दिसू देऊ नका.

सर्वांत मजा कशाची येत असेल तर मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपानं, छापण्याची. ‘मॅन -टी’ दिलं की पान ट्रॉफ या मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रॅममधून जातं आणि छापील पुस्तकासारखं बाहेर येतं, तिरपे आणि ठळक टाइप सगळे जागच्या जागी. बेल लॅब्जमध्ये, म्हणजे युनिक्स जिथे जन्मलं तिथे, त्याला पहिला आश्रय मिळाला तो पेटंट विभागाचे मसुदे तयार करण्याच्या कामामुळे. त्यामुळे ही छपाई इथे उपरी वाटत नाही.

जुना प्रिंटर घ्यायला निघालात तर विकणाऱ्याला आधी कॉन्फिगरेशन पेज छापायला सांगा. त्यावर पोस्टस्क्रिप्ट बसवलेलं आहे का, मेमरी किती आणि नेटवर्क कार्ड ओळखलं गेलंय का, हे तिन्ही लिहिलेलं असतं. पोस्टस्क्रिप्ट नसेल तर प्रिंटर कितीही चकचकीत असो, सोडून द्या. कार्ड नसलं तरी चालेल, पॅरलल आहेच. आणि ते पान छापलं जात असताना जवळ उभं राहून रोलरचा आवाज ऐका: कागद दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात उचलला जात असेल तर रोलर बदलण्याचा खर्च धरूनच किंमत बोला.