ब्रिज की इम्प्लांट? माझ्या तोंडात दोन्ही आहेत

डावीकडं खाली ब्रिज, उजवीकडं खाली इम्प्लांट. हौस म्हणून नाही, दोन्ही वेळा माझाच आळस नडला. त्यामुळं घरात कुणाची दाढ काढली की पहिला फोन मला येतो, परवा मेव्हण्याचा आला, "दाजी, डॉक्टर म्हणतायत दोन्ही होऊ शकतंय, तुमच्या मनानं ठरवा, आता माझ्या मनाला काय कळतंय, तुम्हीच सांगा." पाऊण तास बोललो. तेच लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड केलं की झालं. मी डॉक्टर नाही, एक आपला पेशंट आहे, तेवढं धरून वाचा.

ब्रिज कसा असतो, इम्प्लांट कसा असतो हे तुम्हाला डॉक्टरांनी प्लास्टिकचा जबडा हातात देऊन दाखवलेलं असणारच, ते परत सांगत बसत नाही. नसेल दाखवलं तर एका ओळीत: ब्रिज म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर कॅप, म्हणजे टोपी, घालायची आणि त्यांच्या आधारानं मधला खोटा दात धरायचा, इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्याच्यावर कॅप.

माझा ब्रिज २०१२ चा. डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ गेली होती. ही दाढ पोराच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते, घरच्यांना वाटतं दुधाची आहे, पडंल आणि नवी येईल, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नाही आणि मोठेपणी बऱ्याच जणांची पहिली तीच जाते. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचे फॅमिली डेंटिस्ट आहेत, वडिलांच्या वेळेपासून सगळं घर तिथंच जातं, त्यांनी पुढची आणि मागची अशा दोन दाढा घासून बारीक केल्या, माप घेतलं, लॅबमधनं तीन दातांचा एक सलग ब्रिज आला आणि आठव्या दिवशी तो चिकटवून मी घरी. साडेदहा हजार झाले होते तेव्हा. दुसऱ्या दिवशी खारे शेंगदाणे खाल्ले. ना कापाकापी, ना टाके, ना महिने मोजत बसणं. या बाबतीत ब्रिजचा नाद करायचा नाही, आजही हेच म्हणीन.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रिजमधला मधला दात खोटा असतो, त्याला मूळ नाही, तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो. सुरुवातीला बरोबर टेकतो. पण दात काढलेल्या जागेचं हाड हळूहळू बसत जातं, हिरडी खाली जाते आणि वर्षा-दोन वर्षांत तिथं एक फट होते, कागद सरकेल एवढीच. दिसत नाही. पण मटणाला ती बरोबर सापडते.

कोल्हापुरात राहून मटण टाळायचं म्हणजे अवघडच की. आखाड लागला की एका आठवड्यात तीन ठिकाणची आमंत्रणं, आणि सुक्या मटणाचा तो एक लांब दोरा गालाच्या बाजूनं आत शिरतो आणि ब्रिजच्या खाली जाऊन बसतो. बसला की जीभ तिथनं हलत नाही. समोर पाहुणे बोलतायत, मी मान डोलवतोय आणि तोंड मिटून आत जिभेनं उकरतोय. टूथपिकचा उपयोग नाही, कारण तीन दात एकमेकांना जोडलेले, भिंतच ती, मधनं काडी घालायला जागाच नाही. साधा फ्लॉस दोन दातांमधनं वरनं खाली सरकवतात, तोही जात नाही, परत तेच, भिंत. मग त्यासाठी वेगळा सुपर फ्लॉस मिळतो, त्याचं एक टोक कडक असतं, ते ब्रिजच्या खालनं गालाकडनं जिभेकडं ओवायचं, पलीकडनं धरायचं आणि मधला स्पंजासारखा भाग मागं-पुढं ओढायचा. मागच्या दाढेजवळ. आरशात. रात्री अकरा वाजता, एका हातात मोबाईलची बॅटरी. आमची ही एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, दात घासताय की गोधडी शिवताय?"

पहिले दोन महिने मी ते रोज केलं. मग एक दिवसाआड. मग फक्त मटणाच्या दिवशी. मधे पाण्याचा फवारा मारणारं मशीन पण आणलं, त्यानं बरंचसं निघतं, आरसा पण धुऊन निघतो, पण चिकटून बसलेला थर काही जात नाही असा आपला माझा अनुभव. आणि फ्लॉस ओढल्यावर त्याचा वास घेतला की कळतं, परवाचं जेवण अजून मुक्कामाला आहे.

याला त्रास म्हणायचं का, हसण्यावारी न्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी दहा-अकरा वर्षं हसण्यावारीच नेलं. २०२३ ला बायकोला दाखवायला गेलो होतो, डॉक्टर म्हणाले आलाय तर बसा पाच मिनिटं. आरसा फिरवला, टोकदार हत्यारानं ब्रिजची कड चाचपली, मागच्या दाढेवर हत्याराच्या मुठीनं टकटक केलं, मला काही दुखेना. पण कडेला हत्याराचं टोक जरा अडकलं म्हणून एक छोटा एक्स-रे काढला. तो जिभेखाली टोचणारा, डोळ्यांतनं पाणी काढणारा. आणि स्क्रीनवर पांढऱ्या कॅपच्या कडेखाली काळी सावली. ब्रिजखालची माझी चांगली, स्वतःची दाढ आतनं किडायला लागली होती. ब्रिज कापून काढला, त्या दाढेचं रूट कॅनल, मग नवीन ब्रिज. खोटा दात किडत नाही, पण त्याला ज्यांनी खांद्यावर घेतलंय ते दोघं किडतात, हे मला आधी कळलं नव्हतं असं नाही, पण सांगतात ते आणि स्क्रीनवर दिसतं ते यात फरक आहे राव. ती तपासणी झाली नसती तर दुखेपर्यंत मी गेलोच नसतो आणि दुखल्यावर दाढ वाचली असती की नाही कुणास ठाऊक.

तुम्ही म्हणाल मग तिथंच इम्प्लांट का नाही केला. विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, शेजारच्या दोन्ही दाढा घासून झाल्यात, घासलेलं इनॅमल परत येत नाही, त्यांना कॅप लागणारच आहे, मग ब्रिजच बरा. पटलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्याच वर्षी दिवाळीत उजवीकडची खालची दाढ गेली. हिचं रूट कॅनल दोन वर्षांपूर्वी झालेलं, डॉक्टरांनी कॅप घाला म्हणून तीनदा फोन केला, मी आज-उद्या करत राहिलो. रूट कॅनल झालेल्या दाढेचा बराच भाग किडीत आणि कोरण्यात गेलेला असतो, राहिलेल्या भिंती चावायच्या जोरानं उभ्या चिरतात. माझी भडंगातल्या एका न फुटलेल्या दाण्यावर चिरली, थेट मुळापर्यंत. काढण्याशिवाय इलाज नव्हता. कॅपचे सहा-सात हजार वाचवले होते म्हणे मी.

आता इथं पुढची-मागची दोन्ही दाढा अगदी धडधाकट होत्या, एक फिलिंग सुद्धा नाही. खरं तर एवढ्यावरच इम्प्लांट ठरायला पाहिजे होता. पण खरं सांगू, माझं ठरलं ते फ्लॉसवर. डॉक्टरांना एकच विचारलं, "याच्या शेजारनं साधा फ्लॉस जातो का?" म्हणाले, "जातो की, तुमच्या दातासारखा सुटा उभा असतो." संपलं.

इम्प्लांट आमचे डॉक्टर स्वतः करत नाहीत, त्यासाठी ठरलेल्या दिवशी बाहेरनं सर्जन येतात, स्क्रू ते बसवतात आणि वरची कॅप आमचे डॉक्टर करतात. आधी थ्रीडी स्कॅन, कारण खालच्या जबड्यातनं नस जाते, तिच्यापासून दोनेक मिलिमीटर तरी लांब राहावं लागतं. शिवाय तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, म्हणजे HbA1c चा रिपोर्ट. इंजेक्शन देऊन जबडा बधिर व्हायची वाट बघताना सर्जननी सांगितलं की हे सगळं एका सशापासून सुरू झालं, स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात अभ्यासासाठी टायटॅनियमची नळी बसवली होती, ती नंतर काढायला गेले तर निघेना, हाडानं घट्ट धरलेली. १९६५ ला त्यांनी पहिल्या माणसाच्या तोंडात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. म्हणजे आपण जे तीन-चार महिने थांबतो ते डॉक्टरांच्या सोयीसाठी नाही, हाडाला ती पकड घ्यायला तेवढा वेळ लागतो, वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं म्हणून तिथं आणखी जास्त.

दुखलं का? दाढ काढताना जास्त दुखलं. स्क्रू बसवताना भिंतीला ड्रिल मारताना घरभर जशी घरघर होते तशी ती डोक्यात होते, पण दुखत नाही. दोन दिवस सूज, बर्फ, मऊ भात. टाके निघाल्यावर विसरून गेलो.

इम्प्लांटची दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल दाजींनी एकाचीच जाहिरात केली. एक म्हणजे वेळ. दाढ काढल्यापासून कॅप बसेपर्यंत माझे जवळजवळ सात महिने गेले, तेवढे दिवस एका बाजूनंच चावायचं, तेही ब्रिजच्या. दुसरं, त्या दाताला जाणीवच नसते. आपल्या दाताच्या मुळाभोवती एक बारीक पडदा असतो, त्यानं चावताना किती जोर लागतोय ते कळतं, इम्प्लांट थेट हाडात असतो त्यामुळं भातातला खडा त्याच्यावर आला तेव्हा मला आवाज आधी आला आणि कळलं नंतर. तिसरं, वर्षभरानं पुढच्या दाढेत आणि त्याच्यात किंचित फट पडली आणि मेथी अडकायला लागली. आता हे ऐकून मेव्हणा हसला, "म्हणजे अडकतंयच की!" अडकतंय, पण दहा सेकंदांत निघतंय, उभ्या उभ्या, पाहुण्यांच्या बेसिनवर सुद्धा. फरक तेवढाच आहे आणि माझ्यासाठी तेवढाच फरक सगळं काही आहे.

किडत नाही म्हणून बिनधास्त राहायचं असंही नाही. भोवतालची हिरडी सुजली, दुर्लक्ष केलं तर खालचं हाड झिजतं आणि स्क्रू हलायला लागतो. तंबाखू, सिगारेट, मशेरी चालू असणाऱ्यांना हा धोका जास्त, हे सर्जननी माझ्यासमोर दुसऱ्या एका पेशंटला चांगलं झापून सांगितलं होतं.

पैशाचं बोलायचं तर इम्प्लांटला स्कॅन आणि कॅप धरून मला छत्तीस हजार लागले, त्याच वर्षीचा नवीन ब्रिज अठरा हजारांत झाला. बरोबर दुप्पट. मेडिक्लेमनं दोन्हीला हात वर केले. पण ब्रिजखाली किडलेल्या दाढेचं रूट कॅनल आणि जुना ब्रिज बदलणं हे मिळवलं तर हिशोब तेवढा सरळ राहत नाही. अर्थात सगळ्यांचे ब्रिज किडतात असं नाही, आमच्या मामांचा वीस वर्षं झाली ठणठणीत आहे, मामा मात्र रोज न चुकता सुपर फ्लॉस ओवतात, मिलिटरीतला माणूस.

आईला मी स्वतः ब्रिज करायला लावला. तिची तीन महिन्यांची शुगर नऊच्या वर, शेजारच्या दोन्ही दाढांना आधीच कॅप, आणि वय बहात्तर, सात महिने कोण थांबणार. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती औषधं किंवा इंजेक्शनं चालू असतील, रक्त पातळ व्हायची गोळी असेल, तर तेही आधी सांगा, दाढ काढायच्या आधीच सांगा. आणि कॉलेजच्या पोरापोरींना जबड्याची वाढ पूर्ण झाल्याशिवाय इम्प्लांट करत नाहीत, घाई करू नका.

काढता-घालता दात हा तिसरा पर्याय असतो, स्वस्त आहे, माझ्या चुलत्यांचा लग्नाच्या पंगतीत रुमालात गेला तो गेलाच. आणि जागा तशीच मोकळी सोडायची हा चौथा, जो बरेच लोक निवडतात, मग शेजारची दाढ आडवी कलंडते, वरची खाली उतरते आणि पुढं कुठलाच दात नीट बसवायला जागा राहत नाही.

मेव्हण्याला शेवटी एवढंच विचारलं, शेजारचे दोन दात कसे आहेत? म्हणाला, चांगले आहेत, हातच लागलेला नाही. मग म्हटलं आरशासमोर जा, मागच्या दाढेजवळ दोरा ओवून बघ, रोज जमंल का. आणि इम्प्लांट केलास तर कंपनीचं नाव आणि साईज लिहिलेलं स्टिकर मागून घे, फाईलला लाव, उद्या पुण्या-मुंबईला बदली झाली आणि स्क्रू ढिला झाला तर तिथल्या डॉक्टरला कुठला पाना लावायचा ते कळायला पाहिजे. बाहेरचे सर्जन येऊन करणार असतील तर नंतर काही झालं तर कुणाला फोन करायचा तेही आधीच विचार.

त्यानं अजून ठरवलेलं नाही, त्याचे डॉक्टर वेगळे, तोंड वेगळं. मी आपला रविवारी सुकं मटण उजवीकडनं खातो. डावीकडं पांढरा रस्सा.