बर्लिन की बोस्टन? साताऱ्याच्या रनरने कुठलं पळावं

आमच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला, की आयुष्यात एकदा पैसे साठवून परदेशात मॅरेथॉन पळायला जायचं तर बर्लिन का बोस्टन. टायमिंग काढायचं असेल तर बर्लिनच, कारण रस्ता जवळपास सपाट, सप्टेंबरची थंड हवा, आणि ब्रँडेनबर्ग गेटच्या कमानीतून पळत गेलं की फिनिश समोरच. २०२२ ला केनियाचा नावाजलेला मॅरेथॉनपटू किपचोगे यानं तिथंच २:०१:०९ (तास:मिनिट:सेकंद) मारलं. एन्ट्री लॉटरीत लागली तर लागली.

पण मला विचाराल तर बोस्टन. १८९७ पासून चालू आहे आणि तिथं बहुतेकांना वयानुसार ठरलेल्या वेळेत आधी दुसरी मॅरेथॉन पळून दाखवावी लागते, म्हणजे बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळणं हीच कमाई. शिवाय तिथला रस्ता आपल्या ओळखीचा वाटतो, सुरुवातीला बराच उतार आणि मांड्या भरून आल्यावर साधारण ३२ किमीच्या पुढं हार्टब्रेक हिलचा चढ. २०२३ ला किपचोगेसुद्धा तिथं सहावा आला!

आपल्या साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढून वर जाणारे खूप आहेत, पण उतरताना खरी परीक्षा असते बघा. मागच्या पावसाळ्यात मी घाट जोरात उतरलो आणि दुसऱ्या दिवशी जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत होतो, तेव्हा कळलं की उतारसुद्धा शिकावा लागतो. बोस्टनला तेच कामी येतं, म्हणून आधी बर्लिनला टाइम काढा आणि त्यावर बोस्टनचा फॉर्म भरा.