‘सॉफ्टवेअर उडालंय’ असं सांगून होणारी फसवणूक

फोन लोगोवरच अडकतो किंवा आपोआप बंद-चालू होत राहतो. दुरुस्तीला नेला की ठरलेलं उत्तर मिळतं: “सॉफ्टवेअर उडालंय, नवीन मारावं लागेल.” तासाभरात फोन चालू होऊन हातात येतो, पैसे दिले जातात आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच सुरू होतं. मग दोष ग्राहकाचा: “तुम्ही काहीतरी अ‍ॅप टाकलं असेल.”

बऱ्याचदा नवीन सॉफ्टवेअर टाकलेलंच नसतं. बटणं दाबून रिकव्हरी (फोनमधला दुरुस्तीचा मेनू) उघडायची आणि ‘वाइप डेटा’ करायचं, म्हणजे फोन रीसेट करून सगळं पुसायचं, एवढंच पाच-दहा मिनिटांचं काम झालेलं असतं. खरं फ्लॅशिंग, म्हणजे पूर्ण सॉफ्टवेअर नव्याने टाकणं, करायला बहुतेक अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडावा लागतो आणि फाइल काही जीबींची असते. म्हणून ते समोर करायला सांगा.

पण खरी मेख असते ती स्टोरेज चिपमध्ये. फोनचा सगळा डेटा ईएमएमसी किंवा यूएफएस या प्रकारच्या चिपमध्ये राहतो. ती झिजली की खराब झालेल्या ब्लॉकच्या (साठवणीच्या कप्प्यांच्या) जागी ती राखीव ब्लॉक वापरते. सगळं पुसलं की मोकळी जागा वाढते, लिहिण्याचा ताण घटतो, म्हणून फोन काही दिवस सुरळीत चालतो. राखीव ब्लॉक संपले की चिप लिहून घेणंच थांबवू शकते. याची एक खूण नक्की पाहा: फोटो पुसला, फोन रीस्टार्ट केला आणि फोटो परत आला, किंवा फ्लॅशिंग ‘यशस्वी’ झालं तरी जुनंच सगळं दिसतंय. अशा फोनवर दहा वेळा सॉफ्टवेअर मारलं तरी पैसे वायाच. ईएमएमसी ५.० पासून चिप आपली झीज १० टक्क्यांच्या टप्प्यांत सांगते आणि राखीव ब्लॉक ८० टक्के संपले की इशारा देते. दुरुस्तीवाले चिप तपासायला जो ‘बॉक्स’ (संगणकाला जोडायचं उपकरण) वापरतात, त्यावर हा आकडा वाचता येतो. तो दाखवायला नकार मिळाला, तर फोन तिथे ठेवू नका.

“डेटा वाचवून देतो” म्हणून आगाऊ पैसे मागितले तर आधी हे विचारा: रीसेट झालाय का? अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो. रीसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते, मग तो कोणालाही परत आणता येत नाही. सॅमसंगमध्ये ओडिनवर (फ्लॅशिंगचा संगणकावरचा प्रोग्राम) ‘होम सीएससी’ फाइल वापरली तर डेटा सहसा राहतो, नुसती ‘सीएससी’ वापरली तर पुसला जातो. आयफोनला संगणकावर ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात. पहिल्यात डेटा राहतो, दुसऱ्यात जातो. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त वेळ लागला तर आयफोन रिकव्हरीतून बाहेर पडतो. ते पाहून कोणी “बोर्ड गेलाय” म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

फोन चालू होत असेल तर देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून घ्या, घेताना पुन्हा जुळवा. चुकीच्या फ्लॅशिंगने तो उडतो आणि नेटवर्क जातं. चालू होताना बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडा, म्हणजे अनलॉक असल्याचा इशारा दिसला आणि तो आधी नव्हता, तर फोन स्वीकारू नका. बँकेची अनेक अ‍ॅप्स त्यावर चालणार नाहीत.