जुन्या मॉडेल गाडीला नवा रंग: स्प्रे कॅन की एअरब्रश?

१:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या) जुन्या मॉडेल किटचा रंग उतरवून बॉडी पुन्हा रंगवायची, तर ठाण्यात आधी हवा बघावी लागते. जुलैत कोलशेतच्या बाल्कनीत मी कॅनने लॅकर (झटपट वाळणारा रंग) मारला आणि बॉनेटवर दुधासारखी पांढरी झाक आली. दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं, त्याचा हा परिणाम. शिवाय कॅनचा फवारा कमी-जास्त करता येत नाही. थर जाड झाला की दरवाज्यांच्या बारीक रेघा बुजतात. एकरंगी बॉडीला, कोरड्या जानेवारीत, कॅन झकास.

एअरब्रश म्हणजे दाबाखालच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं साधन; त्याला कॉम्प्रेसर हवा, खर्च जास्त, दर रंगानंतर सुई धुणं आलं. पण हवेच्या १५-२० पीएसआय दाबावर पातळ थर बसतात, हवी ती छटा घरीच मिसळता येते. नळीतलं पाणी अडवायला मॉइश्चर ट्रॅप मात्र लावाच. कस्टम रंगासाठी मी तरी एअरब्रशच घेईन.