कोरल रीफ वॉच वापरतोय, भारी आहे पण अर्धीच गोष्ट सांगतं

प्रवाळांबद्दल थोडं जरी कुतूहल असेल तर ही साईट बुकमार्क करूनच ठेवा. अमेरिकेच्या नोआची (समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) सेवा आहे, चकटफू, उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घेतात आणि रोज नवा नकाशा टाकतात, एकेक चौकोन साधारण ५ किलोमीटरचा. मला सगळ्यात आवडलं ते डिग्री हीटिंग वीक्स. त्या जागेच्या सर्वात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी आठवडाभर १ अंश वर राहिलं की १, २ अंश वर राहिलं की २, अशी १२ आठवड्यांची बेरीज. ४ ला ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याची भीती, ८ ला प्रवाळ मरायला लागण्याची. २०२३ मध्ये अलर्टच्या जुन्या दोन पातळ्या पुरेनात म्हणून त्या पाचपर्यंत वाढवाव्या लागल्या, आता बोला!

पण नकाशावर लाल रंग बघून आपण समजतो की प्रवाळांच्या आत राहणारं शेवाळ बाहेर पडलं, प्रवाळ पांढरे झाले, खेळ खल्लास. खरी भानगड त्याआधीच प्रवाळाच्या अंगावरच्या चिकट थरात सुरू झालेली असते. आतलं शेवाळ आणि प्रवाळ स्वतःसुद्धा डीएमएसपी नावाचं गंधकयुक्त द्रव्य बनवतात. एन्डोझोइकोमोनाससारखे काही जिवाणू ते फोडून डीएमएस वायू काढतात, स्यूडोविब्रिओ तर त्यापासून अँटिबायोटिक बनवतो, विब्रिओसारख्या रोग करणाऱ्या जिवाणूंना रोखणारं. पाणी तापलं की या थरात डीएमएसपी वाढतं, आणि विब्रिओ कोरलिलिटिकस त्याचाच माग काढत पोहत येतो, तोही गरम पाण्यात जास्त घातक होणारा. म्हणजे औषधाचा कच्चा माल आणि शत्रूला आमंत्रण, दोन्ही एकच! त्यात बऱ्याच प्रवाळांवर एन्डोझोइकोमोनास कमी होतात नि विब्रिओ वाढतात, मग गंधकाचं चक्रही बदलणारच. (हवेत गेलेल्या डीएमएसपासून ढगांना लागणारे कण बनतात, पण प्रवाळांचा त्यात वाटा किती यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.)

यातलं काहीच उपग्रहाला दिसत नाही, दिसणारही नाही, त्यासाठी पाण्यात उतरून नमुने घेऊन डीएनए तपासावा लागतो. तेव्हा दोन ठिकाणी सारखाच अलर्ट असला म्हणून दोन्हीकडचे प्रवाळ सारखेच आजारी असं धरू नका. ५ पैकी ४ स्टार, ईमेल अलर्ट मात्र नक्की चालू करा.