एमएम ५४०च्या पुढच्या चाकांची बेअरिंगे आणि हब : मकरपुऱ्यातल्या एका गॅरेजचे काम

मकरपुरा औद्योगिक वसाहतीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या आणि दारावर पाटीही नसलेल्या एका गॅरेजात मी माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगे बदलून घेतली आणि डाव्या बाजूचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला फिरता भाग, नवा बसवून घेतला. वडोदऱ्यात जुन्या फोर-बाय-फोर गाड्या बाळगणाऱ्या मंडळींना हे ठिकाण ‘जीपवाल्यांचे गॅरेज’ म्हणून माहीत आहे. बेअरिंग बदलून देणारे कारागीर शहरात पुष्कळ आहेत. परंतु काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही हे मोजून ठरवणारे फार थोडे आहेत, म्हणून या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला आलेल्या पुरात आमच्या सोसायटीतल्या इतर गाड्यांप्रमाणे ही जीपही हबच्या वरपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या एका गॅरेजने हब न उघडताच बाहेरून ग्रीस भरून दिले आणि काम झाल्याचे सांगितले. हबमध्ये शिरलेले पाणी अशा रीतीने निघत नाही. ते ग्रीसमध्ये मिसळते, ग्रीस दुधाळ होऊन त्याचा वंगणाचा गुण जातो आणि गाडी उभी असताना रोलर जिथे टेकलेले असतात नेमक्या तिथेच कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, गंजाचे पट्टे उमटतात. पुढे धावताना त्या पट्ट्यांपासून पोलादाचे कपचे सुटू लागतात. माझ्या गाडीत पुढून येणारी घरघर वेगाबरोबर वाढत गेली आणि हालोलच्या रस्त्यावर बोलणे ऐकू येईनासे झाले, तेव्हा हे गॅरेज गाठले.

येथील मुख्य मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी गाडी स्वतः चालवून पाहिली. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. म्हणून उजवीकडे वळताना आवाज वाढला तर संशय डाव्या चाकावर घ्यावा लागतो, आणि येथे तसेच झाले. नंतर चाक जमिनीवरून उचलून, वरखाली धरून हलवले तेव्हा स्पष्ट खेळ, म्हणजे सैलपणाची हालचाल, जाणवला. मात्र एवढ्यावर बेअरिंगला दोषी ठरवता येत नाही, कारण किंगपिन, म्हणजे चाक डावीउजवीकडे वळते तो खुंट, झिजली असली तरी चाक असेच हलते. त्यांनी हाताखालच्या मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. ब्रेक लागल्यावर ड्रम, आणि त्याबरोबर हब, मागच्या पत्र्याशी जखडला जातो. म्हणून तेव्हा खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा आणि उरला तर किंगपिनचा. डाव्या बाजूचा खेळ पूर्ण गेला. एका मिनिटाच्या या तपासणीने किंगपिनचा खर्च वाचला. माझ्या एका स्नेह्याला दुसरीकडे तो विनाकारण सोसावा लागला होता.

हब उघडल्यावर दोन्ही बाजूंची अवस्था वेगवेगळी निघाली. उजवीकडे रोलरवर गंजाचे डाग होते, पण हबचे भोक शाबूत होते. डावीकडे आतला कप हबमध्ये सैल झाला होता आणि हबच्या आत स्वतंत्रपणे फिरून त्याने आपली बैठक झिजवली होती. या प्रकारच्या एक्सलमध्ये स्टब, म्हणजे हब ज्यावर बसतो तो दांडा, स्थिर असतो आणि हब फिरतो. त्यामुळे कोन, म्हणजे बेअरिंगचा रोलरसह आतला भाग, स्टबवर हाताने सरकेल इतपत सैल असला तरी चालते; कप मात्र हबमध्ये घट्ट ठोकूनच बसला पाहिजे. तो सैल झाला की नवे बेअरिंगही फार काळ टिकत नाही.

यावर बाजारात दोन उपाय सर्रास चालतात. पहिला म्हणजे भोकाच्या आतल्या भिंतीवर पंचाने ठिपके मारायचे, म्हणजे धातू उचलला जातो आणि कप घट्ट बसल्यासारखा वाटतो. वास्तविक कप तेव्हा केवळ त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकलेला असतो; टोके चेपली की तो पुन्हा सैल होतो आणि तोवर तिरका बसलेला असण्याचीही शक्यता असते. दुसरा उपाय भोक लेथवर मोठे करून बुश घालण्याचा. तो नीट केला तर वाईट नाही, पण दोन्ही कप एकाच अक्षावर राहतील अशी बोअरिंग करणारा कारागीर मिळावा लागतो. मिस्त्रींनी पहिल्या उपायाला साफ नकार दिला आणि दुसऱ्याचा खर्च नव्या हबच्या जवळपास जातो हे हिशेब करून दाखवले. उजवा हबही बदलावा का, असे मी विचारले असता ते म्हणाले, “काका, तो हब अजून जिवंत आहे, उगाच पैसे कशाला घालता?” ज्या धंद्यात जोडीने बदला असे सांगणे सर्वांत सोपे आणि फायद्याचे असते, तिथे हे उत्तर मला मोलाचे वाटले.

नवा हब मागवताना त्यांनी जुन्या स्टडचे, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंट्यांचे, आटे तपासून घेतले, कारण जुन्या जीपांमध्ये डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे असत आणि पाठवणाऱ्याने लक्ष दिले नाही तर हब परत करावा लागतो. नव्या हबवर ड्रम चढवल्यावर तो समकेंद्री फिरतो की नाही, हे त्यांनी शेजारच्या लेथवर तपासून घेतले.

बेअरिंगे मी स्वतः आणावीत की त्यांनी, हा पर्याय त्यांनी माझ्यावर सोपवला. या एक्सलला आत आणि बाहेर एकाच मापाचे टेपर रोलर बेअरिंग लागते. कोन १८५९०, कप १८५२०, आतला व्यास ४१.२७५ मिलिमीटर आणि बाहेरचा ७३.०२५ मिलिमीटर, म्हणजे दोन चाकांना एकूण चार जोड. १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेनने पेटंट घेतलेल्या टेपर रोलरच्या रचनेचाच हा वंशज आहे. असे निमुळते रोलर वरून येणारा आणि बाजूने येणारा असे दोन्ही भार पेलतात, म्हणून वळणावर ताण घेणाऱ्या चाकाला ते योग्य ठरतात. शहराच्या माणेजा भागात बेअरिंगचा एवढा मोठा कारखाना असताना, पूर्वीचे एफएजी आणि आताचे शेफलर हे नाव गावातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असताना, याच शहराच्या बाजारात नकली खोके हाती पडू शकते ही गंमत म्हणावी की विटंबना, ते वाचकांनी ठरवावे. मिस्त्रींनी आणलेल्या प्रत्येक जोडाचे खोके माझ्यासमोर उघडले आणि कोनावर व कपावर कोरलेले क्रमांक दाखवले. जुन्या कपात नवा कोन घालण्याचा विषयही निघाला नाही; दोन्ही पृष्ठभाग एकत्रच बदलावे लागतात.

कप बसवताना त्यांनी पितळी दांडा वापरला आणि कप तळाशी टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलतो तो कान देऊन ऐकला. कडक पोलादावर थेट हातोडी मारली तर कपची उडते. ग्रीस लिथियमचे, उष्णता सोसणारे होते. तळहातावर घेऊन ते रोलरच्या रुंद बाजूने आत दाबत गेले आणि पलीकडून सगळीकडे सारखे बाहेर येईपर्यंत थांबले नाहीत. ऑइल सील दोन्ही बाजूंची नवी घातली.

या कामाचा प्राण मात्र नट बसवण्यात आहे आणि येथेच हे गॅरेज इतरांपेक्षा वेगळे ठरते. स्टबवरचा आतला नट चाक फिरवत फिरवत, ते जड होईपर्यंत आवळायचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे सोडायचा, लॉक वॉशर घालायचा आणि बाहेरचा नट आवळायचा. पुष्कळ कारागीर येथेच काम संपले असे समजतात. परंतु बाहेरचा नट आवळला की आट्यांमधली सैलाई निघून जाते आणि आतला नट किंचित पुढे सरकल्यासारखा होतो, म्हणून खेळ पुन्हा पाहणे आवश्यक असते. मिस्त्रींनी हबवर डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळी माप, लावून तो पाहिला, डावीकडे तो त्यांच्या मनासारखा आला नाही म्हणून सगळे खोलून पुन्हा बसवले आणि त्यानंतरच वॉशरची कड वाकवली. खेळ मिलिमीटरच्या काही शतांशांइतका ठेवायचा असतो. त्याहून अधिक राहिला तर चाक डुलते आणि अजिबात राहिला नाही तर बेअरिंग तापून जळते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन्ही चाकांची मजुरी १८०० रुपये झाली, ती वाजवी होती. परंतु बिल कोऱ्या कागदावर, सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळे न दाखवता मिळाले आणि सविस्तर पावती मागून घ्यावी लागली. हब येईपर्यंत गाडी उघड्यावर उभी होती. येथे हायड्रॉलिक प्रेस नाही, त्यामुळे नव्या गाड्यांची दाबून बसवावी लागणारी सीलबंद बेअरिंगे ते बाहेर पाठवतात. अशा काही बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, चुंबकीय कडे असते आणि बेअरिंग उलटे बसले तर सेन्सरला संकेतच मिळत नाही. म्हणून तसली गाडी असणाऱ्यांनी साधने असलेली दुसरी जागा पाहावी. रुंद टायरसाठी बाहेर काढलेली चाके लावलेल्या गाड्यांचे बेअरिंग ते बदलून देतात, पण भार बाहेर सरकल्यामुळे ते लवकर जाईल हे आधी बजावतात.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर हबला हात लावून तापमान पाहावे आणि खेळ तपासण्यासाठी गाडी परत आणावी, असे त्यांनी सांगितले होते. ती तपासणी विनामूल्य होती आणि त्या वेळी काहीही आवळावे लागले नाही. गाडी नेण्याआधी फोन करावा आणि हब लागण्याची शक्यता असेल तर जुन्या हबची छायाचित्रे आधीच पाठवावीत. नवरात्राच्या दिवसांत गॅरेजातली मुले संध्याकाळी गरब्याला जातात, त्यामुळे तेव्हा चाक उघडायचे काम दुपारनंतर घेतले जात नाही.