मध्यस्थीची मोफत सेवा: वरचा स्पीकर शांत झाला, जिन्याचं मात्र तसंच

आम्ही इंदूरला सरकारी आवास योजनेच्या मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत राहतो, भिंती इतक्या पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. वरच्या घरातला मुलगा डीजेचे ॲम्प्लिफायर रिपेअर करतो, दिवसभर दुकानात आणि रात्री ११ ला घरी टेस्टिंग. दोनदा वर जाऊन सांगितलं, तिसऱ्यांदा भांडण झालं, मग बोलणंच बंद.

रहवासी संघाच्या ग्रुपवर कोणीतरी १५१०० नंबर टाकला होता, विधिक सेवेची, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीची हेल्पलाईन, तिथून कळलं की केस न करताच कोर्टाच्या आवारात मध्यस्थी होते. साध्या कागदावर अर्ज, फी नाही, वकील नाही. फक्त समोरच्यावर जबरदस्ती नसते, तो आलाच नाही तर विषय संपला, आमचा नशिबाने आला.

मध्यस्थ वकीलबाई होत्या. त्यांनी आधी दोघांचं वेगवेगळं ऐकलं, आणि इथे बोललेलं पुढे कोर्टात वापरता येत नाही हे सुरुवातीलाच सांगितलं, त्यामुळे मुलगा मोकळा झाला. म्हणतो, "मॅडम, आंटीजी का खलबत्ता सुबह साढ़े पाँच बजे चालू हो जाता है, उसका क्या?" आंटीजी म्हणजे माझी आई. आता सन २००० च्या ध्वनी नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा, आणि हा नियम मीच घरून पाठ करून आलो होतो! बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आईने पदर तोंडाला लावला.

तर ठरलं असं की टेस्टिंग रात्री ८ च्या आत, स्पीकरच्या बॉक्सखाली रबर शीट, आणि आईचं कुटणं सहानंतर, तेही खाली जाड पोतं घालून. सह्या झाल्या. चार महिने झाले, एखाद्या रात्री विसरतो, आई लाटण्याने छत ठोकते, बंद होतं.

पण जिन्यात पिऊन पत्ते खेळणारी टोळी आहे, त्याबद्दलही विचारलं तर बाई स्पष्ट म्हणाल्या की हे दोन घरांचं भांडण नाही, ह्यात समझोता कसला, ११२ लावा आणि ठाण्यात लेखी द्या. ११ घरांच्या सह्या घेऊन दिलं. दोन रात्री गाडी फिरली, तिसऱ्या रात्री परत तेच. आता बाउंड ओव्हरच्या मागे लागलोय, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम १२६, जुन्या सीआरपीसीचं १०७, त्यात शांतता राखायचा बॉण्ड भरून घेतात, जास्तीत जास्त वर्षभराचा. आधीपासून तारखा आणि फोटो ठेवले असते तर बरं झालं असतं, आता गेल्या पंधरवड्यापासून आईच्या दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानांवर लिहितोय.

मध्यस्थीला पाचपैकी चार, एक कापला कारण दोनदा सुट्टी टाकावी लागली. आणि वरचा मुलगा परवा आमचा मिक्सर फुकट दुरुस्त करून गेला, त्यामुळे खलबत्ताही आता बराचसा कपाटातच असतो.